सातव्या महिन्याआधीचं ताट

आमच्या चुलत वहिनीचं डोहाळजेवण झालं तेव्हा ताटात बोट ठेवायला जागा उरली नव्हती. पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, कटाची आमटी, मसालेभात, अळूवडी, भरली वांगी, दोन कोशिंबिरी, शेवयांची खीर आणि कडेला झाकून ठेवलेल्या पेढा-बर्फीच्या वाट्या. वहिनी हिरव्या साडीत, अंगावर फुलांची वाडी, झोपाळ्यावर बसलेली. पुरणपोळीचे दोन घास खाल्ले, भाताचा एक, आणि तिने हात आखडता घेतला. भोवतीच्या बायका आग्रहाला लागल्या, ‘‘अगं, असं काय करतेस? दोन जिवांचं खायचंय तुला आता!’’ ती कसनुसं हसली. तिच्या छातीत जळजळत होतं.

सातव्या-आठव्या महिन्यात गर्भाशय इतकं वर आलेलं असतं, की जठराला पसरायला जागाच राहत नाही. त्यात गर्भारपणातली संप्रेरकं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करतात आणि आतड्यांची चालही मंद करतात. चार घासांत पोट तुडुंब वाटतं, तिखट-तेलकट गेलं की आंबट पाणी घशाशी येतं. म्हणजे वर्षभरातलं सगळ्यात भरगच्च ताट आपण तिच्यापुढे मांडतो ते नेमकं तिला खाववत नाही तेव्हा.

डोहाळजेवणाची टिंगल मला करायची नाही. त्या शब्दातच एक जुनं शहाणपण आहे. डोहाळे हा शब्द आला दोहद या संस्कृत शब्दावरून. सुश्रुतसंहितेत म्हटलंय, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आणि मग त्या बाईच्या देहात दोन हृदयं असतात. तिला जे हवंसं वाटतं ते त्या दुसऱ्या हृदयाचंही मागणं असतं, म्हणून तिची इच्छा मारू नये. शरीरशास्त्र आज वेगळं सांगेल, पण एरवी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला निदान काही महिने ‘तुला काय हवंय?’ असं कुणी विचारावं, याची सोय त्या समजुतीने करून ठेवली होती.

माझी तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. ओटी सातव्या महिन्यात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू हे सगळं बाळंतिणीला, म्हणजे मूल बाहेर आल्यावर. सुरुवातीला काय? काही घरांत चोरओटी भरतात, तीही गुपचूप. पहिले तीन महिने तर कुणाला सांगायचंही नाही, नजर लागते. ज्या दिवसांत पोटातल्या जिवाचा पाया घातला जातो, त्या दिवसांत त्याच्या आईच्या ताटाकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण कुणाला काही माहीतच नसतं. पुष्कळदा तिला स्वतःलाही.

हा पाया किती लवकर पडतो ते ऐकून अजूनही आश्चर्य वाटतं. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा यांतली मज्जा ज्या नळीपासून घडते, ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून पूर्ण व्हावी लागते. पाळीच्या हिशेबाने हा सहावा आठवडा. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात, चाचणी करावी की आणखी आठवडाभर थांबावं असा विचार चाललेला असतो, आणि तिकडे ते काम उरकलेलं असतं. नळी नीट मिटली नाही तर मूल कण्यातल्या गंभीर व्यंगासह जन्मतं, किंवा जगतच नाही. ही नळी मिटायला फोलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं. १९९१ साली इंग्लंडमधल्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवून दिलं, की ज्या बायकांना आधी असं मूल झालं होतं त्यांना दिवस राहण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुन्हा तसंच व्हायचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून आता मूल हवं असं ठरवणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टर रोज ४०० मायक्रोग्रॅमची ती बारीक गोळी आधीपासूनच सुरू करायला सांगतात. चौथ्या महिन्यात ती सुरू करून या नळीचं काही भलं होत नाही.

या फोलेटची गोष्ट आपल्या परळमध्ये सुरू झाली, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१९२८ साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र पंडुरोग आढळत होता. रक्त कमी झालेलं असे, पण त्यातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान नसून फुगून मोठ्या झालेल्या असत. लोह देऊन गुण येत नव्हता. कित्येक जणी त्यातच दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये लुसीबाईंनी काम सुरू केलं. जंतूंचा हात आहे का ते तपासलं. मग बायका काय खातात ते बघितलं, तर ताटात फळं नाहीत, भाजी नावालाच. त्यांनी मुंबईच्या गरीब घरांत असे तसंच अन्न प्राण्यांना घालून पाहिलं आणि प्राण्यांनाही पंडुरोग झाला. पुढे एका आजारी माकडाला त्यांनी यीस्टचा अर्क चारला, मार्माइट. ब्रिटनमध्ये गरीब-श्रीमंत सगळे पावाला फासून खातात तो काळा, खारट, उग्र वासाचा लगदा. माकड झपाट्याने सुधारलं. मग तोच लगदा गरोदर बायकांना दिला आणि त्यांचंही रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांचा शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या लगद्यातला गुणकारी घटक कोणता हे तेव्हा कुणालाच कळेना, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ असंच नाव पडलं. १९४१ साली अमेरिकेत टेक्ससच्या तीन रसायनशास्त्रज्ञांनी चार टन पालक गाळून-आटवून त्यातून एक आम्ल वेगळं काढलं आणि पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून त्याचं नाव ठेवलं फोलिक अ‍ॅसिड. परळच्या बायकांना जे कमी पडत होतं ते हेच, असं मग उलगडलं.

चार टन पालक! आणि आपण जुडी निवडताना देठांबरोबर निम्मी पानंही टाकून देतो. फोलेट उष्णतेने मोडतं आणि पाण्यात विरघळतं, त्यामुळे पालेभाजी उकडून ते पाणी मोरीत ओतलं की भाजी हिरवी दिसते खरी, पण तिच्यातलं बरंचसं वाहून गेलेलं असतं. आपली परतून केलेली सुकी भाजी किंवा डाळ-दाणे घालून केलेली पातळभाजी त्यापेक्षा बरी. पाणी आत जिरतं, वाया जात नाही.

दुसरी गोष्ट पुण्याजवळच्या सहा गावांतली. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या गावांतल्या बायकांच्या मागावर राहिले. मागावर म्हणजे अगदी शब्दशः. लग्न झालेल्या बायकांची नोंद करायची, दिवस गेले की त्या काय खातात, किती काम करतात ते टिपायचं, मूल झालं की त्याला मोजायचं, आणि मग ते मूल वाढेल तसतसं पुन्हा पुन्हा मोजायचं. ही मुलं आता पंचविशीच्या पुढे गेली.

जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही किंचित खाली भरलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन किलो. हे अपेक्षितच होतं. चकित करणारी गोष्ट वेगळीच निघाली. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायूंनी किरकोळ, पण कातडीखालच्या चरबीत मात्र त्या गुबगुबीत इंग्रज बाळांच्या जवळपास. काडीसारखं बाळ, आणि तरी आतून चरबीदार. पुढे तिशी-चाळिशीत सडपातळ दिसणाऱ्या माणसाला अचानक मधुमेह का निघतो, याचा एक धागा असा पाळण्यापर्यंत जाऊन पोचला.

याच अभ्यासात आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आहाराचा हिशेब मांडला. या बायकांचं एकूण खाणं कमीच होतं, दिवसाला साधारण अठराशे कॅलरी, आणि तेवढ्यावर शेतातली कामं, पाणी भरणं, सरपण. पण बाळाच्या वजनाशी एकूण उष्मांकाचा किंवा प्रथिनांचा संबंध फारसा जुळेना. जुळला तो तीन गोष्टींशी: पालेभाजी, फळं आणि दूध. ज्यांच्या जेवणात या वरचेवर होत्या त्यांची बाळं वजनाने आणि लांबीने चांगली होती. पोटभर भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा यावर आई उभी राहते, खपते, पोट भरल्याचं समाधानही मिळतं. बाळाला मात्र त्या भाकरीच्या शेजारी काय होतं याची गरज असते.

आणि पुढचा पेच. यातल्या साधारण दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. फोलेट मात्र बऱ्यापैकी होतं. २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने प्रसिद्ध केलं, की ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यात जास्त होती. ही दोन जीवनसत्त्वं शरीरात जोडीने काम करतात. एकालाच खुराक दिला की जोडी बिघडते. ब-१२ कुठल्याही भाजीत, डाळीत, धान्यात नसतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. घरात कडक शाकाहार असेल आणि सगळं दूध चहालाच जात असेल, तर डॉक्टरांना ब-१२ तपासायला सांगण्यात काही गैर नाही. गोळी स्वस्त आहे.

तिसरी गोष्ट पुन्हा मुंबईची, आणि मला सगळ्यात प्रामाणिक वाटते ती हीच. २००६ साली मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि साउथहॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांच्या गटाने साडेसहा हजारांहून जास्त बायकांना घेऊन एक प्रयोग मांडला. पुण्यात ज्या तीन गोष्टी सापडल्या होत्या, म्हणजे पालेभाजी, फळं, दूध, त्या वाळवून-कुटून सामोशा-भजीसारख्या रोजच्या खाण्यात घालायच्या. निम्म्या बायकांना हा खाऊ, उरलेल्या निम्म्यांना बटाटा-कांद्याचा. आणि सुरुवात दिवस राहण्याच्या आधीपासून. बायकांनी रोज केंद्रावर यायचं, तिथेच बसून खायचं, घरी न्यायचं नाही.

घरी का न्यायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये. घरी नेलेला सामोसा धाकट्या पोराच्या हातात जातो.

निकाल आला २०१४ मध्ये. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. तेही ज्यांची स्वतःची अंगकाठी बरी होती त्यांच्यातच. अगदी कृश बायकांच्या बाळांना वजनाचा फायदा मिळाला नाही. ४८ ग्रॅम म्हणजे काय, एका अंड्याएवढं वजन. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट मोजली होती. बटाट्याचा खाऊ खाल्लेल्यांपैकी १२.४ टक्के बायकांना गर्भारपणातला मधुमेह झाला. पालेभाजी-फळं-दुधाचा खाऊ खाल्लेल्यांत तेच प्रमाण ७.३ टक्के होतं. औषध नाही, इंजेक्शन नाही, रोजचा एक सामोसा. फक्त तो वेळेवर सुरू झालेला.

अठरा-वीस वर्षं अर्धपोटी राहिलेल्या मुलीचा अनुशेष तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, हेही त्याच प्रयोगाने दाखवलं. गरोदर बाईच्या ताटाची चर्चा मग आपोआप त्या घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या डब्यापर्यंत जाऊन पोचते.

आता रक्ताकडे वळू. ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय, की ते ऐकून कुणी दचकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली निघालं. निम्म्याहून जास्त! गर्भारपणात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, पण त्यातलं पाणी जितकं वाढतं तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत. म्हणून आकडा थोडा उतरणं साहजिक आहे. पण वार, बाळ, वाढलेलं रक्त आणि बाळंतपणात जाणारं रक्त या सगळ्यांना मिळून नऊ महिन्यांत साधारण एक ग्रॅम लोह लागतं. ऐकायला चिमूटभर. पण डाळ-भाजी-भाकरीतल्या लोहापैकी जेमतेम पाच-दहा टक्केच अंगी लागतं. म्हणून नुसत्या जेवणावर हा हिशेब बसत नाही, आणि आशाताई देतात ती लाल गोळी ऐच्छिक नाही. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस.

गोळ्या मिळतात, पण पोटात जातातच असं नाही. मळमळतं, पोट बांधून येतं, शौचाला काळी होते. त्यात कुणीतरी सांगतं की गोळीने बाळ काळं होतं, दुसरी सांगते बाळ मोठं होऊन अडतं. मग गोळ्या फडताळात, उशीखाली, उकिरड्यावर. शौचाला काळी होते ती उरलेल्या लोहामुळे, त्याचा बाळाच्या रंगाशी काडीचा संबंध नाही. रंग आईबापांच्या जनुकांवर ठरतो. केशर घातलेलं दूध चवीला छान लागतं, इतकंच. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवण झाल्यावर, झोपण्याआधी घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत कधीच नको, दोघी एकमेकींची वाट अडवतात. एक दुपारी, एक रात्री.

आणि चहा. हा आपला घरगुती चोर. चहातली तुरट द्रव्यं लोहाला पकडून ठेवतात आणि ते तसंच बाहेर जातं. चहा सोडा असं मी सांगणार नाही, मला स्वतःला जमलेलं नाही. पण जेवणाला लागून घेतलेला चहा तासभर पुढे ढकलला तरी खूप झालं. उलट लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतलं क जीवनसत्त्व लोहाला आत ओढून घेतं. ‘उसळीवर लिंबू पीळ’ असं आजी म्हणायची तेव्हा तिला रसायनशास्त्र शिकवायची गरज नव्हती. मटकीला मोड आणले की धान्या-कडधान्यांत लोहाला अडवून धरणारं फायटेट उतरतं, आणि थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू, शेजारी बाजरीची भाकरी आणि एखादी पालेभाजी. हे ताट कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

डब्यांवरून आठवलं. गरोदर बायकांसाठीच्या प्रथिनांच्या पावडरी आज खेड्यातल्या औषधांच्या दुकानांतही मिळतात आणि घरची माणसं पोट मारून त्या आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत प्रथिनं जास्त लागतात हे खरं, शेवटच्या तीन महिन्यांत रोज वीस-बावीस ग्रॅम जास्त. पण एक वाटी जाड वरण, मूठभर शेंगदाणे आणि एक अंडं यांत ते येऊन जातं. सरसकट सगळ्या गरोदर बायकांना जादा प्रथिनांच्या पुरवण्या द्याव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही, उलट देऊ नका म्हणते. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने लिहून दिली तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

‘दोन जिवांचं खा’ या आग्रहाचाही हिशेब करून टाकू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक मध्यम भाकरी आणि मूठभर शेंगदाणे. दुसरं अख्खं ताट नव्हे. शहरातल्या बैठ्या कामाच्या बाईला शिरा, लाडू, साजूक तुपातलं असं चारी बाजूंनी भरवलं जातं, आणि सहाव्या महिन्यात साखर वाढलेली निघते. आपल्याकडे पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ही तपासणी करतात. ती चुकवू नये. खेड्यात याच्या उलट एक समजूत भेटते: बाळ मोठं झालं तर अडेल, म्हणून शेवटच्या महिन्यांत बेतानेच खा. दोन्हीकडची काळजी खरी आहे आणि दोन्ही सल्ले चुकीचे. सर्वसाधारण अंगकाठीच्या बाईचं वजन नऊ महिन्यांत दहा-बारा किलोंनी वाढलं तर ते ठीक चाललंय असं धरायला हरकत नाही.

कोकणात ही चर्चा वेगळ्या वळणाने जाते. तिथे ताटात मासे असतात, म्हणजे ब-१२ आणि चांगली प्रथिनं घरचीच. सुकट, जवळा यांसारखी बारकी सुकी मासळी अख्खीच पोटात जाते, त्यातून कॅल्शियमही मिळतं. मांदेली, बोंबील, बांगडा, तारली हे लहान मासे उत्तम. मोठ्या, इतर माशांवर जगणाऱ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो, आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो. म्हणून मोरी, म्हणजे शार्क, या दिवसांत टाळावी. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण देणाऱ्या घरांना हे ऐकून राग येईल, पण बांगड्याचं कालवण काही कमी चवीचं नसतं.

उपास आणि ग्रहण. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर काढणाऱ्या गरोदर बायका मी पाहिल्या आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. दाण्याचं कूट आणि शेजारचं दही हेच काय ते त्यातलं सत्त्व. उपास मोडवत नसेल तर राजगिरा, दूध, फळं, दाणे असा धरावा, निर्जळ मुळीच नको. ग्रहणात न खाता-पिता आठ-आठ तास एका जागी बसून राहिल्याने बाळाचा ओठ फाटायचा वाचत नाही. आईला चक्कर मात्र येते. पपईचं म्हणाल तर कच्च्या पपईच्या चिकापासून लांब राहणं ठीक. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी कुणाचं काही बिघडत नाही.

डोहाळ्यांचे दोन प्रकार मात्र गंभीरपणे घ्यावे लागतात. एक माती. ओल्या भिंतीचा वास, पाटीवरची पेन्सिल, खडू, बाजारात मिळणारे भाजलेल्या मातीचे तुकडे, काहींना नुसता बर्फ. बाई लाजते, लपवते. ही ओढ पुष्कळदा लोह फार उतरल्याची खूण असते. मातीतून जंत आणि शिसं पोटात जातं, आणि रक्त आणखी घटतं. अशी ओढ लागली तर ओरडण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासावं.

दुसरी पाणीपुरी. पाणीपुरीचे डोहाळे इतके सर्वमान्य आहेत की नवरा रात्री नऊला निघतो पुड्या बांधून आणायला. पण दूषित पाण्यातून पसरणारी एक कावीळ आहे, हिपॅटायटिस ई. एरवी ती त्रास देऊन जाते. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाली, तर शंभरांतल्या वीस-पंचवीस जणी त्यात दगावू शकतात. १९७८ साली काश्मीरमध्ये आलेल्या साथीत गरोदर बायकाच का मरताहेत, या प्रश्नावरून ही कावीळ वेगळी ओळखू आली. पावसाळ्यात तर ठेल्यावरचं पाणी नकोच. पुऱ्या आणाव्यात, पुदिन्या-चिंचेचं पाणी घरी उकळून गार केलेल्या पाण्यात करावं. गरम रगडा, वर लिंबू. डोहाळे पुरवायला कुणाची ना नाही.

राहता राहिली घरातल्या पंगतीची गोष्ट, आणि तिथे जीवनसत्त्वांचे तक्ते कामाला येत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते तेव्हा कढईत पालेभाजीचा तळ उरलेला असतो, वरण पातळ झालेलं असतं, दही संपलेलं असतं. भाकरी मात्र असते, कारण भाकरी ती स्वतः थापते आणि हवी तर आणखी एक टाकते. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या आकड्यांमागे हीच कढई असणार असं मला वाटतं. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागात डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा बायकांना भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं असं एक वेळचं पूर्ण गरम जेवण मिळतं. ते खायचं अंगणवाडीत बसून. पुड्यांत बांधून घरी दिलेला शिधा सगळ्या घराचा होतो. अंगणवाडीत मात्र वाढणारी दुसरी असते आणि जेवणारी ती.

वहिनीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी पाहुणे गेले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. फुलांची वाडी उतरवून ती स्वयंपाकघरात आली आणि भूक लागली म्हणाली. दिवसभर पंचपक्वान्नांना नाही म्हटलेल्या बाईने ओट्यावरची, सकाळच्या न्याहारीतली मटकीची उसळ पुढे ओढली, कपाटातून लिंबाची फोड काढून पिळली आणि अर्ध्या भाकरीशी उभ्यानेच खायला लागली. काकू भांडी आवरत होती. चाळीस वर्षं या घरात सगळ्यांच्या शेवटी जेवलेली ती बाई. तिने हात पुसले, टेबलाची खुर्ची ओढून वहिनीच्या मागे लावली आणि विचारलं, ‘‘अंडं उकडू का एक?’’